औषधाआधी द्रावक तपासा: संवर्धित पेशींच्या प्रथिननिर्मितीवर डीएमएसओ आणि इथेनॉलचा परिणाम कसा मोजावा

एक मायक्रोमोलर औषध ०.१ टक्के डीएमएसओतून (डायमिथाइल सल्फॉक्साइड, औषधं विरघळवायचा नेहमीचा द्रव) पेशींना दिलं, की औषधाच्या प्रत्येक रेणूमागे डीएमएसओचे सुमारे १४,००० रेणू वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यात जातात. वहीत मात्र आपण लिहितो ‘औषध, १ मायक्रोमोलर’. डीएमएसओचं नाव आलंच तर कंट्रोलच्या रकान्यात, तेही घाईघाईत.

हा हिशोब कुणालाही करता येतो. शुद्ध डीएमएसओची घनता मिलिलिटरला १.१ ग्रॅम, रेणुभार ७८.१. म्हणजे बाटलीतला द्रव सुमारे १४.१ मोलर. त्याचा हजारावा भाग १४ मिलिमोलर. इथेनॉल बाटलीत १७.१ मोलर असतं, म्हणून त्याचं ०.१ टक्के म्हणजे १७ मिलिमोलर. रक्तात १०० मिलिलिटरमागे ८० मिलिग्रॅम अल्कोहोल असणंही जवळपास एवढंच, आणि काही देशांत त्या पातळीला गाडी चालवणं गुन्हा आहे. ज्या पातळीला माणसाचा तोल जातो ती पेशींसाठी ‘नगण्य’ कशी, असं मला कुणी विचारलं तर माझ्याकडे चांगलं उत्तर नाही.

मी स्वतः यात तोंडघशी पडलो आहे. एक संयुग नीट विरघळत नव्हतं, म्हणून स्टॉक (पातळ करण्याआधीचं मूळ द्रावण) जेमतेम १ मिलिमोलरचा झाला. सर्वात वरचा डोस १० मायक्रोमोलर, म्हणजे त्या वेलमध्ये १ टक्का डीएमएसओ. तिथून पुढे मी साध्या मीडियात (पेशींच्या पोषक द्रवात) दहा-दहा पटीने पातळ करत गेलो. ल्युसिफरेजचा (प्रथिननिर्मिती मोजायला वापरतात ते प्रकाश देणारं एन्झाइम) सिग्नल डोसनुसार इतका सुरेख उतरत होता, की तीन आठवडे मी हवेत होतो. मग लॅबमधल्या एका सीनियर ताईंनी आलेख बघितला.

“शेवटच्या वेलमध्ये डीएमएसओ किती रे?”

“०.०१ टक्का.”

“आणि पहिल्या?”

“एक.”

“मग हा आलेख कुणाचा म्हणायचा?”

माझा व्हेइकल कंट्रोल (औषधाशिवाय नुसतं द्रावक दिलेल्या पेशी) ०.१ टक्क्याचा होता, कारण ‘नेहमी तोच असतो’. १ टक्क्याचा कंट्रोल लावला तेव्हा संयुगाचा परिणाम जवळजवळ नाहीसा झाला. खाली जे लिहिलं आहे ते त्या तीन आठवड्यांचं व्याज समजा.

द्रावक पेशीत कुठे कुठे हात घालतो

प्रथिन तयार होणं ही एक पायरी नाही. जनुकावरून एमआरएनए (लिप्यंतर), एमआरएनएवरून साखळी (भाषांतर), साखळीची घडी, मग गरजेप्रमाणे स्राव आणि शेवटी विघटन. द्रावक यांपैकी कुठेही ढवळाढवळ करू शकतो, आणि एकाच वेळी दोन ठिकाणी उलट दिशांनीही.

डीएमएसओचं सर्वात ठळक उदाहरण १९७१ सालचं आहे. शार्लट फ्रेंड आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या एरिथ्रोल्युकेमिया पेशींना सुमारे २ टक्के डीएमएसओ दिलं आणि त्या पेशी हिमोग्लोबिन बनवू लागल्या. कर्करोगाच्या पेशी केवळ द्रावकामुळे लाल रक्तपेशींच्या वाटेला लागल्या. १९७८ मध्ये एचएल-६० या मानवी ल्युकेमिया पेशी सव्वा टक्क्याच्या आसपास डीएमएसओत ग्रॅन्युलोसाइटसारख्या होतात हे दिसलं, आणि आजही ती पद्धत रोज वापरली जाते. हेपाआरजी पेशींना यकृतपेशींसारखं वागायला लावण्यासाठीही २ टक्क्यांच्या आसपास डीएमएसओ लागतं. एका लॅबमध्ये जो ‘कंट्रोल’ असतो, तो दुसऱ्या लॅबमध्ये उपचार असतो.

शिवाय डीएमएसओ घडी चुकलेल्या प्रथिनांना आधार देतं, म्हणून ग्लिसरॉलच्या जोडीने त्याला ‘रासायनिक शॅपरोन’ म्हणतात. तुमचं प्रथिन घडीत अडखळणारं असेल तर डीएमएसओमुळे उत्पादन वाढल्यासारखं दिसेल. प्रत्यक्षात फक्त वाया जाणारा माल कमी झालेला असेल.

इथेनॉलची तऱ्हा वेगळी. ते पेशीपटलात शिरतं आणि जास्त प्रमाणात भाषांतराच्या यंत्रणेला लगाम घालतं. स्नायूपेशींच्या संवर्धनात १०० मिलिमोलर, म्हणजे सुमारे ०.६ टक्के इथेनॉलने प्रथिननिर्मिती मंदावते आणि पेशीची वाढ सांभाळणाऱ्या एमटॉर मार्गाचे संकेत खाली येतात, हे अनेकदा दिसलेलं आहे. सीवायपी२ई१ या एन्झाइमचं उलट: इथेनॉल किंवा ॲसिटोन असताना त्याचं विघटन कमी होतं, म्हणून नवं काही न बनताही पातळी चढते. यकृतपेशींवर काम करणाऱ्यांनी हे विसरू नये.

मिथेनॉलबद्दल एक गंमत. सस्तन पेशींच्या कामात आपण ते टाळतो, पण पिकिया या यीस्टमध्ये एओएक्स१ प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) मिथेनॉलनेच चालू होतो. तिथे मिथेनॉल म्हणजे प्रथिननिर्मितीचं बटणच.

पहिली पायरी: द्रावक निवडणं

विरघळतंय म्हणून डीएमएसओ, हा निकष पुरेसा नाही. आधी संयुग पाण्यात किंवा पीबीएसमध्ये (क्षारयुक्त बफरमध्ये) जातं का बघा. बरीच क्षाररूपं जातात. मग डीएमएसओ, मग इथेनॉल. डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) शेवटी, आणि तेही काळजीने, कारण तेसुद्धा काही पेशींचं विभेदन घडवतं, म्हणजे त्यांना वेगळ्या प्रकारच्या पेशी बनवतं.

द्रावक संयुगाशी अभिक्रिया करत नाही ना, हेही तपासा. सिस्प्लॅटिन हे याचं बदनाम उदाहरण. डीएमएसओ प्लॅटिनमला बांधलं जातं आणि औषधाचा जोर जातो. त्याचा स्टॉक सलाइनमध्येच करायचा.

डीएमएसओ हवेतली वाफ ओढून घेतं. मोठी बाटली वर्षभर उघडझाप करत वापरली तर त्यातलं पाणी वाढत जातं आणि कमी विरघळणारं संयुग एके दिवशी तळाशी बसलेलं सापडतं. पेशीसंवर्धनाच्या दर्जाचं डीएमएसओ घ्या आणि छोट्या कुप्यांत वाटून ठेवा. ते १८.५ अंश सेल्सिअसला गोठतं, त्यामुळे फ्रिजमधून काढलेली कुपी पूर्ण वितळून नीट ढवळल्याशिवाय पिपेट लावू नका. अर्धवट वितळलेल्या कुपीत वर आणि खाली एकच प्रमाण नसतं. गाळायचं असेल तर पीटीएफई किंवा नायलॉनचा फिल्टर घ्या. सेल्युलोज ॲसिटेटचा पडदा डीएमएसओत विरघळतो, आणि मग तुमच्या स्टॉकमध्ये औषधासोबत फिल्टरही असतो.

इथेनॉल शुद्धच हवं. पृष्ठभाग पुसायला ठेवलेल्या विकृत (डिनेचर्ड) अल्कोहोलमध्ये काय काय मिसळलेलं असतं, ते पेशींना सांगण्याची गरज नाही.

दुसरी पायरी: पातळ करण्याचा क्रम

माझी चूक इथे झाली होती, म्हणून इथे थोडा जास्त वेळ थांबतो.

नियम एकच: डोस बदलला तरी प्रत्येक वेलमध्ये द्रावकाचं प्रमाण तेच राहिलं पाहिजे. त्यासाठी डोसची शिडी मीडियात उतरायची नाही, शुद्ध द्रावकात उतरायची. समजा अंतिम डोस १०, ३, १, ०.३ आणि ०.१ मायक्रोमोलर हवेत आणि डीएमएसओ ०.१ टक्के. मग डीएमएसओतच १०, ३, १, ०.३ आणि ०.१ मिलिमोलरचे पाच स्टॉक करा. प्रत्येक स्टॉक अंतिम डोसच्या हजारपट आहे.

आता ९६ वेलच्या प्लेटमध्ये एका वेलमध्ये १०० मायक्रोलिटर द्रव ठेवायचा असं धरू. ०.१ टक्क्यासाठी ०.१ मायक्रोलिटर डीएमएसओ टाकावं लागेल. हाताच्या पिपेटने हे जमत नाही, आणि जमलं असं वाटलं तर ते टिपच्या टोकालाच चिकटलेलं असतं. म्हणून मधली पायरी घ्या: ९९८ मायक्रोलिटर कोमट मीडियात २ मायक्रोलिटर स्टॉक. हे झालं दुप्पट डोसचं मिश्रण, ०.२ टक्के डीएमएसओचं. वेलमध्ये पेशींवर आधी ५० मायक्रोलिटर मीडिया ठेवा, त्यात हे ५० मायक्रोलिटर टाका. औषधही बरोबर, द्रावकही बरोबर.

व्हेइकल कंट्रोलसाठी हेच सगळं, फक्त स्टॉकऐवजी कोरं डीएमएसओ, त्याच बाटलीतलं. आणि काहीच न टाकलेल्या पेशींचा वेगळा कंट्रोल. दोन्ही हवेत. नुसता व्हेइकल कंट्रोल ठेवला तर औषधाचा परिणाम कळतो. द्रावकाने पेशींना आधीच कुठे नेऊन ठेवलं आहे ते कळत नाही.

मधलं मिश्रण उजेडासमोर धरून बघा. धूसर दिसलं किंवा मायक्रोस्कोपखाली सुया दिसल्या तर संयुग बाहेर पडलं आहे. असा डोस वगळा. तो ‘जास्तीत जास्त डोस’ म्हणून आलेखात ठेवण्याचा मोह सगळ्यांनाच होतो.

तिसरी पायरी: औषधाशिवाय नुसत्या द्रावकाचा आलेख

नवी पेशीरेषा किंवा नवं मोजमाप हातात आलं, की हा प्रयोग सर्वात आधी करावा असं माझं स्पष्ट मत आहे. एक आठवडा जातो, पण पुढचे कित्येक महिने उपयोगी पडतो.

प्रमाणं: ०, ०.०५, ०.१, ०.२५, ०.५, १ आणि २ टक्के. वेळा: ६, २४, ४८ आणि ७२ तास. सुरुवातीला ९८० मायक्रोलिटर मीडियात २० मायक्रोलिटर डीएमएसओ, हे २ टक्क्यांचं मिश्रण. बाकीची त्यातून साध्या मीडियाने पातळ करून. इथे मीडियात पातळ करणं चालतं, कारण इथे द्रावक हाच डोस आहे. पेशींवरचा जुना मीडिया काढून ही मिश्रणं थेट घाला. २ टक्के पाणी किंवा पीबीएस घातलेला एक वेलही ठेवा, म्हणजे मीडिया पातळ झाल्याचा परिणाम वेगळा दिसेल.

१ टक्का डीएमएसओने मीडियाची ऑस्मोलॅलिटी साधारण १४० मिलिऑस्मोलने वाढते, आणि मुळात ती ३०० च्या आसपास असते. डीएमएसओ पेशीत लवकर शिरतं, त्यामुळे हा ताण कायमचा राहत नाही, पण पहिल्या काही मिनिटांत पेशी आक्रसतात. म्हणून ६ तासांचे आकडे ७२ तासांच्या आकड्यांशी जुळले नाहीत तर गोंधळून जाऊ नका.

पेशी नुकत्याच गोठणातून काढल्या असतील तर थांबा. गोठवताना सहसा १० टक्के डीएमएसओ असतं. १ मिलिलिटरची कुपी सेंट्रिफ्यूजमध्ये न फिरवता एकूण १० मिलिलिटरमध्ये टाकली तर पहिल्या दिवशी त्या १ टक्क्यात पोहतात. दोन-तीन वेळा पासेज करून (पेशी नव्या भांड्यात वाढवून) मगच प्रयोग.

चौथी पायरी: पेशींवर टाकणं

डीएमएसओ पाण्यापेक्षा जड आहे. शुद्ध थेंब सरळ वेलमध्ये सोडला तर तो तळाला जातो, आणि तळाला तुमच्या पेशी आहेत. थेंब पडताना मीडियात साखरेच्या पाकासारख्या लाटा दिसतात. त्या जिथे टेकतात तिथे क्षणभर प्रमाण ०.१ टक्का नसून त्याच्या कितीतरी पट असतं. पाण्यात मिसळताना ते उष्णताही सोडतं. दुसऱ्या दिवशी वेलच्या मधोमध पेशींना टक्कल पडलेलं दिसलं आणि कडेच्या पेशी ठणठणीत असल्या, तर मी सर्वात आधी पिपेट धरणाऱ्याला विचारतो की थेंब कुठे टाकला. आधी मिसळा, मग टाका, तेही भिंतीवरून.

इथेनॉलची अडचण उलटी, ते उडून जातं. ३७ अंशाच्या इनक्युबेटरमध्ये उघड्या झाकणाच्या प्लेटमधून ते शेजारच्या वेलमध्येही जातं. म्हणजे ४८ तासांनी ‘१ टक्का’ वेलमध्ये १ टक्का नसतं आणि ‘शून्य’ वेलमध्ये शून्य नसतं. इथेनॉलचे वेल वेगळ्या, सीलबंद प्लेटमध्ये ठेवा, किंवा घट्ट झाकणाचे फ्लास्क वापरा आणि मीडिया रोज बदला.

पाचवी पायरी: मोजायचं काय

‘प्रथिन कमी झालं’ या वाक्याचे निदान दोन अर्थ होतात: पेशी कमी झाल्या, किंवा प्रत्येक पेशी कमी बनवते. हे दोन वेगळे केले नाहीत तर बाकी सगळी मेहनत पाण्यात.

समजा कंट्रोल वेलमध्ये १० लाख पेशी आणि ५०० नॅनोग्रॅम प्रथिन. म्हणजे पेशीमागे ०.५ पिकोग्रॅम. १ टक्का द्रावकाच्या वेलमध्ये ६ लाख पेशी आणि ४२० नॅनोग्रॅम. वेलचा आकडा १६ टक्क्यांनी घसरला, पण पेशीमागे ०.७ पिकोग्रॅम, म्हणजे ४० टक्क्यांनी चढला. दोन्ही आकडे खरे आहेत. सीएचओ (चायनीज हॅम्स्टरच्या अंडाशयाच्या) पेशींतून प्रतिपिंडं काढणाऱ्यांना हा खेळ पाठ असतो: तापमान ३७ वरून ३२-३३ अंशांवर आणलं किंवा सोडियम ब्युटिरेट घातलं, की वाढ मंदावते आणि पेशीमागचं उत्पादन वाढतं. काही सीएचओ क्लोनमध्ये डीएमएसओनेही तसंच होतं. प्रथिन मीडियात साठत जात असेल तर शेवटच्या दिवसाच्या पेशींनी भागू नका. पेशी रोज मोजून ‘पेशी-दिवसां’नी (रोजच्या पेशीसंख्येच्या बेरजेने) भागा.

म्हणून प्रत्येक स्थितीसाठी तीन जोडवेल: एक पेशी मोजायला, ट्रायपॅन ब्लूसह (मृत पेशी रंगवणारा रंग), एक लायसेटसाठी (फोडलेल्या पेशींचा द्रव), एक आरएनएसाठी. लायसेट करण्याआधी थंड पीबीएसने दोनदा धुवा.

एकूण प्रथिननिर्मितीचा वेग पाहायचा असेल तर प्युरोमायसिनची पद्धत सोपी आणि स्वस्त पडते. प्युरोमायसिन वाढत्या साखळीच्या टोकाला जोडलं जातं आणि साखळी तिथेच सुटते; त्या टोकाला ओळखणारं प्रतिपिंड मिळतं. द्रावक मीडियात असतानाच मिलिलिटरला १० मायक्रोग्रॅम प्युरोमायसिन घाला, बरोबर १० मिनिटं इनक्युबेटरमध्ये, मग लगेच बर्फावर. वेलमागे दोन-चार मिनिटांचा फरक पडला तरी आलेख हलतो, म्हणून टायमर लावून, दोन वेलमध्ये ठरावीक वेळ ठेवून टाका. ब्लॉटवर (प्रथिनं आकारानुसार वेगळी करून प्रतिपिंडाने दाखवणारा पडदा) एक पट्टी नाही, पूर्ण लेनभर पसरलेला डाग दिसतो. मोजायची ती पूर्ण लेन.

सोबत दोन कंट्रोल. एक प्युरोमायसिन न घातलेला. दुसरा सायक्लोहेक्झिमाइड (भाषांतर थांबवणारं रसायन) आधी दिलेला, ज्यात डाग जवळजवळ नाहीसा व्हायला हवा. सायक्लोहेक्झिमाइड पाण्यातही पुरेसं विरघळतं, तेव्हा द्रावकाच्या प्रयोगात त्याचा डीएमएसओ स्टॉक वापरण्याचा वेडेपणा करू नका. आणि पेशीरेषा प्युरोमायसिनवर निवडलेली असेल तर ही पद्धत सोडून द्या. तिच्यातलं प्रतिकाराचं जनुक प्युरोमायसिन निकामी करतं आणि तुम्ही रिकाम्या ब्लॉटकडे बघत बसाल.

ब्लॉट नॉर्मलाइझ करताना ॲक्टिन किंवा जीएपीडीएचवर (तुलनेसाठी नेहमी धरतात ती प्रथिनं) आंधळा विश्वास नको. द्रावकाने पेशीचा आकार आणि सांगाडा बदलत असेल तर ॲक्टिनही बदलू शकतं. पॉन्सो एसने (सगळी प्रथिनं रंगवणारा रंग) रंगवलेल्या पूर्ण लेनवर भागणं जास्त सुरक्षित.

सहावी पायरी: दोष पेशींचा की चाचणीचा

द्रावक न दिलेल्या पेशींचं लायसेट घ्या, त्यात द्रावक तेवढ्याच प्रमाणात नंतर मिसळा आणि मोजा. आकडा बदलला तर तो पेशींनी बदललेला नाही. ल्युसिफरेजचा एकटप्प्याचा अभिकर्मक थेट वेलमध्ये ओतता तेव्हा द्रावकही चाचणीत असतो, म्हणून तिथे हे हवंच. एलायझामध्ये मीडियाचे नमुने लावत असाल तर प्रमाण-आलेखाच्या (स्टँडर्ड कर्व्हच्या) द्रावणातही तेवढंच द्रावक घाला.

रिपोर्टर (ल्युसिफरेजसारखं मोजायला सोपं प्रथिन) वापरताना आणखी एक पेच असतो: प्रमोटर. प्लास्मिडवरचा सीएमव्ही प्रमोटर ब्युटिरेटसारख्या रसायनांना जोरात प्रतिसाद देतो. तुमच्या रिपोर्टरचा आकडा द्रावकाने हलला तर वेगळ्या प्रमोटरचा दुसरा रिपोर्टर लावून बघा. दोन्ही एकाच दिशेने गेले तर गोष्ट भाषांतराकडे झुकते. एकच हलला तर प्रमोटरवर संशय घ्या आणि क्यूपीसीआर करून एमआरएनए मोजा.

आकडे वाचताना

एमआरएनए वाढला आणि प्रथिनही त्याच पटीत वाढलं, तर परिणाम लिप्यंतराच्या पातळीवर. एमआरएनए तसाच, प्युरोमायसिनचा डागही तसाच, पण तुमचं प्रथिन वाढलेलं: इथे विघटन कमी झालं असेल किंवा घडी सुधारली असेल. सायक्लोहेक्झिमाइड घालून ०, २, ४ आणि ८ तासांनी प्रथिन किती उरतं ते बघा, द्रावकासह आणि द्रावकाशिवाय. सगळंच कमी, मृत पेशीही जास्त: हा विषारीपणा, त्याला ‘भाषांतराचं नियमन’ म्हणू नका.

एका प्लेटवरचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या पासेजच्या पेशींवर तीनदा करा. आणि ‘फरक सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नाही’ याचा अर्थ ‘फरक नाही’ असा होत नाही. तीन नमुन्यांत २० टक्क्यांचा फरक सहज लपतो. तुम्हाला किती फरक चालेल, समजा १० टक्के, हे आधी लिहून ठेवा आणि आकडा त्या पट्ट्यात बसतो का ते तपासा. जे सर्वात जास्त प्रमाण सर्व वेळांना त्या पट्ट्यात बसतं, ती तुमच्या पेशीरेषेची मर्यादा. शेजारच्या लॅबची ०.५ टक्क्याची मर्यादा तुमच्या प्राथमिक पेशींना लागू होईलच असं नाही.

मर्यादा ०.१ टक्का निघाली आणि संयुग त्यात बसत नसेल, तर सायक्लोडेक्स्ट्रिन किंवा मेदाम्लांसाठी अल्ब्युमिन हे मार्ग आहेत. मात्र मिथिल-बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिन पेशीपटलातलं कोलेस्टेरॉल ओढून काढतं, म्हणजे त्याचाही स्वतंत्र आलेख काढावा लागेल, तिसऱ्या पायरीपासून.

माझ्या वहीत आता प्रत्येक प्लेटच्या नकाशाखाली एक जादा ओळ असते: प्रत्येक वेलमधलं द्रावकाचं अंतिम प्रमाण, बाटलीचा लॉट क्रमांक आणि बाटली उघडल्याची तारीख. त्या तीन आठवड्यांच्या पानांवर ती ओळ नंतर लाल पेनाने भरली आहे: १, ०.१, ०.०१.